नाममुद्रा आणि कोपऱ्यातले नाव

देवगाव फाट्यावर सेलू, जिंतूर आणि मंठ्याकडून येणारे रस्ते एकमेकांना मिळतात. तिथे माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, शाळेची ओळखपत्रे हा त्याचा व्यवसाय. आणि उरलेल्या वेळात मोटारसायकलवर हिंडून माणसांची छायाचित्रे काढणे हा त्याचा ध्यास. काही वर्षांपूर्वी तो आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची प्रत घेऊन घरी आला. तो अंक संत कवयित्रींवरचा विशेषांक होता आणि त्याचा संपादक मी होतो. मुखपृष्ठावर गंगाखेडच्या गोदाकाठी गाठोडे उतरवून पाण्याकडे पाहत बसलेली एक वृद्ध वारकरी स्त्री होती. तो म्हणाला, "सर, छपाई छान झालीय." मग थोडे थांबून म्हणाला, "फोटो माझा आहे. खाली नाव होतं, तेवढं कापलं गेलंय."

मी चौकशी केली. संपादक मंडळातल्या एका विद्यार्थिनीला हे छायाचित्र मोबाइलवर आले होते. तिने ते डीटीपी करणाऱ्याकडे दिले. त्याने खालची पट्टी कापून तिथे महाविद्यालयाचे नाव बसवले. मी मुद्रिते तपासली, तीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या आणि सही केली. आम्हा तिघांपैकी एकालाही आपण चोरी केली असे वाटले नव्हते. आणि त्याच आठवड्यात मी वर्गात अभंगातील नाममुद्रेवर तास घेतला होता!

या प्रसंगाने मला जो प्रश्न पडला तो तांत्रिक नाही. आपली छायाचित्रे इंटरनेटवर ठेवताना छायाचित्रकाराने ती चोरीपासून कशी वाचवावीत, याची उत्तरे बरीच आहेत आणि ती पुढे देणारच आहे. परंतु ही सारी उत्तरे राखणदाराची आहेत. शेताला कुंपण घातले म्हणून गावातली चोरी थांबत नाही. ती थांबते चोरीला गावात चोरी म्हटले जाऊ लागते तेव्हा. या बाबतीत आपण, म्हणजे मराठीचे विद्यार्थी, प्राध्यापक, संपादक, गावकऱ्यांच्या जागी आहोत. आणि आपल्याच परंपरेकडे पाहिले तर आपली भूमिका फारशी अवघड नाही, असे माझे मत आहे.

नाममुद्रेचेच पाहा. अभंगाच्या अखेरीस कवी आपले नाव गुंफतो. हे नाव बाहेरून चिकटवलेले नसते. ते छंदाचा भाग असते, काढले तर चरण लंगडा होतो. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, पण दासी म्हणवतानाही आपले नाव गाळत नाही. शेकडो वर्षे कीर्तनकारांनी, भजनी मंडळांनी, जात्यावरच्या बायांनी हे अभंग गायले. त्यांनी कुणाची परवानगी घेतली नाही; तरी नाव वगळून अभंग गाण्याचे कुणाच्या मनात आले नाही. मुक्त प्रसार आणि कर्त्याचे नाव या परस्परविरोधी गोष्टी नाहीत, हे वारकरी परंपरेने आचरणातून सिद्ध केलेले आहे.

ज्या ठिकाणी नावांची सरमिसळ झाली, तिथे काय घडले हेही आपण शिकवतो. नामदेवांच्या नावावर नंतरच्या विष्णुदास नाम्याच्या आणि इतर नाम्यांच्या रचना मिसळल्या. त्या वेगळ्या काढण्यासाठी अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या आणि वाद अजून मिटलेला नाही. पुसले गेलेले नाव परत लिहिणे हे नाव पुसण्याइतके सोपे नसते.

छायाचित्रणाच्या इतिहासातही हे आहे. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे मात्र त्यांच्या नावाने नव्हे, तर पती माणेकशॉ यांच्या नावाने छापली जात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांचे नाव परत आले. ज्यांचे आले नाही त्यांची गणती कोण करणार?

आता पहिला आक्षेप घेऊ. 'इंटरनेटवर टाकले म्हणजे ते सर्वांचे झाले,' असे प्राध्यापकांच्या खोलीतही ऐकू येते. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारी व्यक्ती तिची कर्ती. हा हक्क छायाचित्र काढताक्षणी निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कायद्याचे कलम ५७ तर असे सांगते की, हक्क विकून टाकल्यानंतरही कर्तृत्व सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. एक गोष्ट मात्र खरी, की कायद्यानेही छायाचित्राला बराच काळ कवितेच्या पंगतीत बसवले नव्हते. कवितेचे संरक्षण कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे; छायाचित्राचे मात्र प्रसिद्धीपासून साठ वर्षे. २०१२ च्या दुरुस्तीने हा भेद काढला. कायद्याला जे पंचावन्न वर्षांनी समजले, ते आपल्या वार्षिकांकांना अजून समजायचे आहे.

याच कायद्यात शिक्षकाला सवलतही आहे. अध्यापनाच्या ओघात वर्गात एखादे छायाचित्र दाखवणे, किंवा त्याची समीक्षा करताना ते उद्धृत करणे, यास मुभा आहे. मुखपृष्ठ सजवणे म्हणजे अध्यापन नव्हे आणि समीक्षाही नव्हे. आमच्या अंकात त्या छायाचित्रावर एक ओळही लिहिलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. 'नाव दिले की झाले ना?' नाही. नाव दिल्याने कर्तृत्वाचे ऋण मान्य होते. पोटाचे ऋण फिटत नाही. संतांना अभंगाचे मानधन नको होते, म्हणून फाट्यावरच्या फोटोग्राफरलाही ते नको असावे, असा निष्कर्ष निघत नाही. अंकाच्या कागदाला पैसे दिले, छपाईला दिले, डीटीपीला दिले. ज्या चित्रामुळे अंक हातात घ्यावासा वाटला तेवढे फुकट, हा कोणता हिशोब?

या संदर्भात हैतीमधले एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथे भीषण भूकंप झाला. दानियेल मोरेल या हैतीच्याच छायाचित्रकाराने त्या दिवशी काढलेली छायाचित्रे ट्विटरवरून प्रसृत केली. दुसऱ्याच एका माणसाने ती आपली म्हणून पुढे टाकली. एएफपी या वृत्तसंस्थेने ती त्या दुसऱ्याच्या नावाने उचलली आणि गेटी इमेजेसमार्फत ती जगभर गेली. ट्विटरवर टाकल्यामुळे ती वापरण्याची मुभा आपल्याला मिळाली, असा वृत्तसंस्थेचा युक्तिवाद होता. अमेरिकी न्यायालयाने तो फेटाळला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना बारा लाख डॉलर देवविले. जिथे चित्र ठेवले त्या संकेतस्थळाला काही परवानगी दिलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला नव्हे, हा त्या निकालाचा अर्थ. परंतु न्याय मिळायला जवळपास चार वर्षे लागली. आमच्या विद्यार्थ्याने सेलूच्या कोर्टात चार वर्षे खेटे घातले असते, तर स्टुडिओचे शटर कुणी उघडले असते?

म्हणून राखणही हवीच. त्याच्याशी बोलून आणि थोडे वाचून जे समजले ते असे. मूळ मोठी फाइल कधीही प्रसृत करू नये. लांब बाजू हजार-बाराशे पिक्सेलची एवढी प्रत पडद्यावर चांगली दिसते, पण फ्लेक्सवर किंवा मुखपृष्ठावर फुटते. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण वाद झाल्यास तीच सर्वांत बोलका पुरावा असते. फाइलच्या आत कर्त्याचे नाव, हक्काची सूचना व संपर्क नोंदवण्याची सोय असते, ती वापरावी. मात्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती टिकते. हक्कविषयक अशी माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हाही २०१२ पासून आपल्याकडे गुन्हा आहे. अधूनमधून गूगलवर आपले चित्र देऊन ते कुठे कुठे फिरते आहे याचा शोध घ्यावा. चोरी सापडल्यास संबंधित संकेतस्थळाला लेखी तक्रार करता येते. २०१३ च्या नियमांनुसार अशा तक्रारीनंतर छत्तीस तासांत कारवाई अपेक्षित असते, पण न्यायालयाचा आदेश एकवीस दिवसांत आणला नाही तर ते चित्र पुन्हा दिसू लागू शकते. महत्त्वाच्या चित्रांची नोंदणी करावी. कलाकृतीच्या नोंदणीचे मूळ शुल्क पाचशे रुपये असून ती न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते.

लग्नाच्या छायाचित्रांविषयी मात्र त्याचाही गैरसमज होता. मोबदला घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. वधूवरांचे फोटो जाहिरातीसाठी लावायचे असतील तर त्यांना विचारायला हवे. ज्याला आपले नाव जपायचे आहे, त्याने दुसऱ्याचा चेहराही जपावा.

आणि कोपऱ्यातले नाव? ते सर्वांत दुबळे. कोपरा कापता येतो हे आम्हीच दाखवून दिले. चित्राच्या मधोमध मोठे नाव टाकले तर चित्रच मरते. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की, एकाच ठशाचे जलचिन्ह शेकडो चित्रांवर असेल तर संगणक ते आपोआप ओळखून पुसू शकतो. प्रत्येक चित्रात त्यात थोडा फरक केला तर पुसणे अवघड जाते. त्यानंतरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तर पुसण्याचे काम पोरखेळ करून टाकले आहे. तरीही नाव चित्राच्या पोतात, सावलीत, लुगड्याच्या काठालगत असे बसवावे की ते कापले तर चित्र अपुरे वाटावे. अभंगकर्त्यांनी नाव शेवटच्या चरणात विणले, ते याच न्यायाने.

परंतु विणलेले नावही शेवटी ऐकणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर टिकते. अभंगातले नाव काढून तिथे दुसरे घालणे कुणालाही शक्य होते. ते सहसा झाले नाही, कारण समोर बसलेल्या श्रोत्यांना ते नाव पाठ होते. आज तो श्रोता आपण आहोत. कुणाचाही सुमार मजकूर पुलंच्या किंवा वपुंच्या नावावर फिरू लागला की आपण संतापतो. एखाद्याची कविता 'अज्ञात' म्हणून आली की कवीचे नाव शोधून पाठवतो. प्रबंधातील वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. त्यानुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते आणि त्यापुढे कारवाईच्या पायऱ्या सुरू होतात. साम्य मोजणारी ती संगणकप्रणाली शब्द मोजते. प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचे, चर्चासत्राच्या फलकावरचे, कवितासंग्रहाच्या वेष्टनावरचे उचललेले चित्र तिच्या हिशोबात येत नाही, आणि आपल्याही नाही. शब्द तेवढे कुणाचे तरी असतात आणि चित्र आपोआप उगवते, असा आपला समज दिसतो. अक्षराला पूज्य मानणाऱ्या संस्कृतीचा हा एक आंधळा कोपराच म्हणायचा.

असो. आम्ही पुढच्या अंकात दिलगिरी छापली, त्याचे नाव छापले आणि उशिरा का होईना मानधन दिले. रक्कम लहान होती. ती घेताना तोच संकोचला, हे मला अधिक लागले. तेव्हापासून आमच्या संपादक मंडळाचा एक नियम आहे: चित्र कुणाचे, कुठून आले आणि त्याने हो म्हटले का, या तीन प्रश्नांची उत्तरे असल्याशिवाय पान छपाईला जात नाही. नियमामुळे दोन अंकांची मुखपृष्ठे साधी, केवळ अक्षरांची निघाली. त्याने काही बिघडले नाही.

पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर मात्र अजून बाकी आहे. दिलगिरीचा मजकूर दाखवायला मी स्टुडिओत गेलो होतो, तेव्हा सहज विचारले, "त्या आजींचं नाव काय रे?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "विचारायचं राहिलं, सर. पुढच्या वर्षी पालखी गंगाखेडला येईल तेव्हा जातो." तो गेला होता. त्या आजी काही भेटल्या नाहीत.