शोधनिबंधातील हरवलेली तारीख

‘इंडियन जर्नल ऑफ वीड सायन्स’ हे नियतकालिक जबलपूरशी निगडित आहे. गाजरगवतावरील मेक्सिकन भुंग्यांविषयीचा निबंध अशा नियतकालिकाकडे पाठविताना संदर्भसूचीतील स्वल्पविरामांची जितकी काळजी घेतली जाते, तितकी शेतावरील नोंदींची घेतली जात नाही. हा क्रम उलटा आहे. स्वल्पविराम संपादकही दुरुस्त करू शकतो. भुंगे केव्हा व किती सोडले, शेजारी भुंगे न सोडलेला तुलनेचा पट्टा होता काय, हे त्यास कोठून कळणार? हा कीटक पावसाळ्यात सक्रिय असतो, हिवाळ्यात जमिनीत सुप्त राहतो. गवतही फुलोऱ्यानंतर आपोआप वाळते. तेव्हा तारखेविना ‘गवत नष्ट झाले’ हे विधान निरर्थक ठरते. तारीख, पाऊस आणि झाडामागे भुंग्यांची संख्या बहुधा शेतकऱ्याच्या वहीतच सापडते. त्याचा ऋणनिर्देश निबंधात नावानिशी व्हावयास हवा.