वाणिज्याची वाट आणि कलनशास्त्राचे दार

दहावीचा निकाल लागला, की वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक साधा दिसणारा प्रश्न येतो. अकरावीला 'गणित व संख्याशास्त्र' घ्यावयाचे की 'चिटणिसाची कार्यपद्धती'? आमच्या पाहण्यातील बहुतेक मुले दुसरा पर्याय निवडतात. तो विषय आवडतो म्हणून नव्हे. 'गणित आपल्याला झेपणार नाही' असे कोणीतरी सांगितलेले असते म्हणून. पुढे हीच मुले बी.बी.ए.ला प्रवेश घेतात किंवा सी.ए.च्या फाउंडेशन परीक्षेला बसतात, तेव्हा पुस्तकात कलनशास्त्र समोर उभे राहते. ज्या दारापासून दोन वर्षे दूर ठेवले, तेच दार आता एका सत्रात ओलांडावयाचे असते. काही मुले तेथूनच परत फिरतात.

इतिहासाच्या शिक्षकांनी गणितावर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासातच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या जाळल्या. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, अहमदनगर यांच्याबरोबर आपल्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. शेतकऱ्यांचा राग कागदावर का निघाला? कारण त्या कागदावरचा हिशेब एकाच पक्षाला वाचता येत होता. आज वह्यांची जागा संगणकाने घेतली आहे; पण हिशेब कोणाला कळतो आणि कोणी केवळ अंगठा उमटवावा, हा प्रश्न जुनाच आहे.

कलनशास्त्राचा व्यापाराशी संबंध काय, हे आपल्या गावच्या उदाहरणाने सांगता येईल. नॅपकिन विणणारा एक लहान कारखाना घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. रोजचा ठरलेला खर्च २००० रुपये. त्यावर प्रत्येक डझनामागे ४० रुपये, आणि काम वाढेल तसा जादा पाळीचा व यंत्रांच्या झिजेचा वाढता भार, म्हणजे डझनांच्या संख्येच्या वर्गाची दुप्पट. विक्रीचा भाव डझनाला २४० रुपये. रोज ५० डझन काढले, तर खर्च ९००० रुपये, विक्री १२००० रुपये आणि नफा ३००० रुपये. मालक म्हणतो, 'डझनाला सरासरी १८० रुपये पडतात, २४० मिळतात. मग आणखी काढू.' तो ६० डझन काढतो. सरासरी खर्च १९३ रुपयांच्या आसपास, म्हणजे भावापेक्षा अजून कमीच. तरीही नफा २८०० रुपयांवर उतरतो. असे का व्हावे? कारण शेवटच्या डझनाला सुमारे २८० रुपये पडू लागले आहेत. सरासरीने हे झाकून ठेवले होते. विकलन ते उघड करते. खर्चाच्या सूत्राचे विकलन केले, की ४० अधिक डझनांच्या संख्येची चौपट, एवढा सीमान्त खर्च मिळतो. तो २४० शी जुळवला, की ५० हे उत्तर दोन ओळींत येते.

बारावीच्या अर्थशास्त्रात 'सीमान्त उपयोगिता' आपली मुले शब्दांत शिकतच असतात. गणित सोडल्यामुळे तीच कल्पना आकड्यांत वापरण्याचे साधन तेवढे त्यांच्या हाती राहत नाही.

या विषयात मुले अडतात कोठे? आमच्या अनुभवाने, कलनशास्त्रात क्वचित; त्याच्या अलीकडेच अधिक. अपूर्णांक, घातांक, आठवीची विस्तारसूत्रे आणि दहावीच्या भूमितीतील 'रेषेचा चढ', एवढे पक्के असेल, तर विकलन म्हणजे वक्राचा त्या बिंदूपाशी असलेला चढ, हे समजावयास फार वेळ लागत नाही. दुसरी अडचण भाषेची. आपण 'विकलन' शिकवतो, महाविद्यालयात 'डेरिव्हेटिव्ह' ऐकू येते, आणि ओळखीची गोष्टही परकी वाटू लागते. या दोन्ही उणिवा बुद्धीच्या नाहीत. त्या शाळेने भरून काढण्याजोग्या आहेत.

वाणिज्य ही कमी मार्कांच्या मुलांची सोपी शाखा, हा समज आपल्या समाजाने तरी बाळगू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे स्वतंत्र सिद्धार्थ महाविद्यालय काढले. पैशाचा व्यवहार मुळापासून समजून घेणे हे त्यांच्या दृष्टीने मुक्तीच्या कामाचेच एक अंग होते.

प्रत्येक मुलाने गणित घेतलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. 'चिटणिसाची कार्यपद्धती' हाही उपयोगाचा विषय आहे, आणि तो समजून-उमजून निवडणाऱ्याला आमचा आशीर्वादच आहे. भीतीपोटी झालेली निवड मात्र निवड नव्हे. पुढे कोणते दार बंद होणार आहे, हे अर्ज भरण्यापूर्वी मुलाला व त्याच्या आईवडिलांना कळले पाहिजे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन विनंत्या. शाळेने दहावीची परीक्षा आणि अकरावीचा प्रवेश यांमधल्या मोकळ्या काळात बीजगणिताची उजळणी व कलनशास्त्राची तोंडओळख यांचा वर्ग भरवावा, आणि त्यात मराठी व इंग्रजी दोन्ही संज्ञा शिकवाव्यात. बँकेत, कर सल्लागारांच्या कार्यालयांत, कारखान्यांच्या हिशेब विभागांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहातील मुलांना महिन्यातला एक रविवार द्यावा. आणि पालकहो, 'आपल्याला झेपणार नाही' हे वाक्य तुमच्या घरात कोणी उच्चारले, तर एवढेच विचारा, की हे कोणी ठरवले?