प्रागचे चार दिवस आणि आपले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार पदव्युत्तर वर्गाला शिकवताना एक अडचण हटकून येते. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पासून सुरुवात करून अनंत काणेकर, पु. ल. देशपांडे, गंगाधर गाडगीळ असे टप्पे सांगून झाले, की पुढे काय सांगावे, हा प्रश्न उरतो. प्रवास कमी झाला आहे म्हणावे, तर तसे मुळीच नाही. युरोपची सहल आता मध्यमवर्गीय कुटुंबात अपूर्वाईची राहिलेली नाही. दिवाळी अंकांतही असे लेख भरपूर येतात. परंतु त्यांतील बहुतेक लेखांचा साचा ठरलेला असतो: विमानतळ, थंडी, शाकाहारी जेवणाची पंचाईत, एक मनोरा, एक पूल, एक राजवाडा, तेथील स्वच्छतेचे कौतुक आणि शेवटी आपल्याकडच्या अस्वच्छतेबद्दलचा सुस्कारा. याचे कारण विचारले, की उत्तर मिळते, 'चार दिवसांत आणखी काय दिसणार?'

आमचे म्हणणे असे आहे, की दोष चार दिवसांचा नाही. ऐतिहासिक शहराकडे आपण प्रेक्षणीय स्थळांची यादी म्हणून पाहतो; ज्यावर पुन्हापुन्हा लिहिले, खोडले आणि गिरवले गेले आहे असा मजकूर म्हणून पाहत नाही. इतरांचे ठीक आहे. पण ज्यांचा व्यवसायच मजकूर वाचण्याचा, त्यांनी तरी तसे पाहायला नको काय?

हे विधान हवेत राहू नये म्हणून प्रागचे उदाहरण घेतो. आम्ही दोघे सहकारी, दोघेही मराठीचे अध्यापक, तेथे चार दिवस होतो. चेक भाषा आम्हांला येत नाही. म्हणजे ज्यांच्या वतीने हा लेख लिहितो आहोत, त्या सामान्य प्रवाशांहून आमची स्थिती निराळी नव्हती.

प्रागच्या जुन्या शहरातील मुख्य चौकात दर तासाला गर्दी जमते. नगरगृहाच्या भिंतीवर १४१० साली बसवलेले खगोलीय घड्याळ आहे. तासाचा ठोका होण्यापूर्वी वरच्या खिडक्या उघडतात, येशूचे प्रेषित एकामागून एक पुढे सरकतात आणि बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो. हे दुसऱ्याच्या हातून घडू नये म्हणून कारागीर हानुश याचे डोळे काढण्यात आले, अशी कथा वाटाडे रंगवून सांगतात. आपल्याकडच्या वास्तूंविषयीही अशा कथा प्रचलित असल्याने ती आपल्याला लगेच पटते. प्रत्यक्षात हे घड्याळ मिकुलाश या घड्याळजीने केले, असे विसाव्या शतकात सापडलेल्या कागदपत्रांवरून सिद्ध झाले आहे. डोळे काढल्याची गोष्ट ही दंतकथाच. पण त्याच घड्याळावर थैली हलवणारी एक मूर्ती आहे, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. आज तिला 'कंजूष' म्हणतात. पूर्वी ती ज्यू सावकाराची मूर्ती म्हणून ओळखली जाई. दुसऱ्या महायुद्धात या शहरातील ज्यू समाज जवळजवळ नाहीसा झाल्यानंतर तिची ओळख बदलली. एका मूर्तीच्या नावात झालेला हा फेरफार कोणत्याही दंतकथेहून अधिक सांगणारा आहे.

घड्याळाकडे पाठ करून थोडे पुढे आले, की नगरगृहासमोरच्या फरशीत पांढऱ्या दगडांचे २७ क्रूस दिसतात. १६२० साली पांढऱ्या टेकडीच्या लढाईत बोहेमियाच्या बंडखोर सरदारांचा हॅब्सबर्ग सम्राटाच्या फौजांनी पराभव केला. २१ जून १६२१ रोजी या जागी २७ जणांना देहदंड दिला गेला. तेव्हापासून १९१८ पर्यंत, म्हणजे जवळपास तीन शतके, हा देश व्हिएन्नाच्या अमलाखाली राहिला आणि चेक भाषा राज्यव्यवहारातून व उच्च विद्येतून मागे पडत गेली. चौकाच्या मध्यावर यान हुसचा प्रचंड पुतळा आहे. लॅटिनऐवजी लोकभाषेत धर्मोपदेश करणारा हा विद्वान १४१५ मध्ये कॉन्स्टन्स येथे पाखंडी म्हणून जाळला गेला. त्याच्या पाचशेव्या स्मृतिवर्षी, १९१५ साली, साम्राज्याची सत्ता असतानाच हा पुतळा उभा राहिला. लोकभाषेत धर्म सांगणाऱ्याला किती किंमत मोजावी लागते, हे ज्ञानेश्वर-तुकाराम शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

हुसच्या पुतळ्यापासून जवळच मेरीचा उंच स्तंभ आहे. तो जुना दिसतो. आहे मात्र २०२० सालचा. मूळ स्तंभ १६५० मध्ये उभारला होता. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस स्वातंत्र्य जाहीर झाले आणि आठवडाही उलटण्यापूर्वी, ३ नोव्हेंबर रोजी, जमावाने तो हॅब्सबर्ग सत्तेची खूण मानून दोर लावून पाडला. शंभर वर्षांनी बऱ्याच वादानंतर त्याची प्रतिकृती तेथे आली. त्यावेळी काहींनी त्यास विरोध केला, तर काहींना ती न्याय्य भरपाई वाटली. एकाच चौकात सुधारक आणि ज्या पंथाने त्याला जाळले त्याचा स्तंभ, दोन्ही समोरासमोर उभे आहेत. कोणत्याही एका बाजूचे म्हणणे ऐकून हा चौक कळत नाही.

त्याच चौकातील किन्स्की प्रासाद पाहा. याच्या मागच्या बाजूस असलेल्या जर्मन माध्यमाच्या शाळेत फ्रान्झ काफ्का १८९३ ते १९०१ या काळात शिकला. पुढे तळमजल्यावर त्याच्या वडिलांचे दुकान होते. याच प्रासादाच्या सज्जात २१ फेब्रुवारी १९४८ रोजी क्लेमेंट गॉटवाल्ड याने भाषण केले. त्याच आठवड्यात देशात कम्युनिस्ट सत्ता आली. मिलान कुंदेराच्या 'द बुक ऑफ लाफ्टर अँड फर्गेटिंग' या कादंबरीचा आरंभ याच सज्जापासून होतो. एका इमारतीत एवढे सामावलेले असताना आपण तिच्या गुलाबी रंगाचे छायाचित्र घेऊन पुढे जातो.

काफ्काविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण साहित्याचे विद्यार्थी प्रागला जातात ते बहुधा त्याच्यासाठी. प्रागमध्ये आज काफ्का सर्वत्र आहे: कपांवर, सदऱ्यांवर, चहाघरांच्या पाट्यांवर. २००५ पासून त्याचे संग्रहालय आहे. एका व्यापारी संकुलाबाहेर २०१४ पासून त्याचे धातूच्या ४२ थरांचे फिरते मस्तक आहे. किल्ल्यातील 'सोनेरी गल्ली'त २२ क्रमांकाचे चिमुकले घर त्याच्या बहिणीने भाड्याने घेतले होते. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तो तेथे लिहीत असे. आता तेथे आठवणवस्तूंची विक्री होते.

या सगळ्यातून असा समज होतो, की काफ्का हा या शहराचा लाडका पुत्र होता. वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे. तो चेकबहुल शहरात जर्मन लिहिणारा ज्यू होता, अल्पसंख्याकांतही अल्पसंख्य. 'द ट्रायल' आणि 'द कॅसल' या दोन्ही कादंबऱ्या त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या आणि दोहोंतही प्रागचे नाव येत नाही. कम्युनिस्ट राजवटीला तो नकोसा होता. १९६३ मध्ये प्रागजवळच्या लिब्लिस येथे एडुआर्ड गोल्डस्टुकर यांच्या पुढाकाराने त्याच्यावर परिषद झाली आणि काफ्का वाचणे हीच राजकीय कृती ठरली. १९६८ च्या 'प्राग वसंता'ची पूर्वखूण म्हणून त्या परिषदेकडे पाहिले जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे आले आणि काफ्का पुन्हा अडगळीत गेला. एका साहित्यविषयक चर्चासत्राने राज्यकर्त्यांना अस्वस्थ करावे, ही गोष्ट आपल्या चर्चासत्रांच्या हंगामात क्षणभर थांबून आठवण्यासारखी आहे.

आणि ज्या भाषेत तो लिहीत होता, त्या भाषेचे प्राग? १९४५ नंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मन भाषकांना घालवून देण्यात आले. ज्यू त्याआधीच मारले गेले होते. काफ्काच्या तिन्ही बहिणी त्यांत होत्या. म्हणजे काफ्का ज्या प्रागचा होता, ते प्राग उरलेलेच नाही. कपावरचे चित्र हे त्या अभावावर घातलेले पांघरूण आहे.

तो अभाव जेथे उघडा पडतो ती जागा म्हणजे पिंकास सिनेगॉग. बोहेमिया आणि मोराव्हियातून नेऊन मारल्या गेलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे तेथील भिंतींवर हाताने लिहिलेली आहेत. नाव, जन्मदिनांक, मृत्युदिनांक. आणि मृत्यूचा दिवस ठाऊक नसेल, तर शेवटच्या छावणीकडे गाडी निघाली तो दिवस. बाकी काही नाही. विशेषण नाही, शोकवाक्य नाही. ही नावे १९५० च्या दशकात प्रथम लिहिली गेली. १९६८ मध्ये भिंतींत ओल शिरल्याने वास्तू बंद झाली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ बंदच राहिली. अक्षरे नष्ट झाली. १९८९ मध्ये राजवट कोसळल्यानंतर, १९९२ ते १९९६ या काळात, सगळी नावे पुन्हा पहिल्यापासून लिहिण्यात आली. लेखन म्हणजे काय आणि ते कशासाठी, या प्रश्नाचे इतके साधे उत्तर आमच्या वाचनात तरी आलेले नाही. आम्ही तेथे अर्धा दिवस होतो आणि एकच भिंत वाचू शकलो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. सुट्टीवर आलेल्या माणसाला इतिहासाचे ओझे कशाला? पहाटे चार्ल्स पुलावर उभे राहून व्लताव्हावरचे धुके पाहण्यात काय वाईट आहे? काहीच वाईट नाही. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला तो पूल सुंदर आहे आणि सौंदर्याने सुखावण्यासाठी परवाना लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेदनेची स्थळेही यादीतच येतात. सकाळी घड्याळ, दुपारी सिनेगॉग, संध्याकाळी नौकाविहार. म्हणजे तुम्ही सुचवता तोही पर्यटनाचाच एक प्रकार नव्हे काय? हा धोका आहे हे मान्य. महासाथीपूर्वीच्या २०१९ या वर्षात प्रागला सुमारे ८० लाख पाहुणे मुक्कामास होते. त्या गर्दीत नावांच्या भिंतीपुढूनही रांग पुढे ढकलावी लागते. यावर उपाय स्थळे वाढवणे हा नसून कमी करणे हा आहे. चार दिवसांत चाळीस ठिकाणे पाहण्याऐवजी एक चौक, एक भिंत आणि एक रिकामी जागा पाहावी.

रिकामी जागा म्हणजे काय, तेही सांगतो. नदीपलीकडे लेत्ना टेकडीवर १९५५ मध्ये स्टालिनचे अवाढव्य शिल्प उभे केले होते. स्टालिनच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या कामगार-शेतकऱ्यांमुळे प्रागचे लोक त्याला 'मटणाची रांग' म्हणत. ते घडवणारा शिल्पकार ओटाकार श्वेट्स याने अनावरणापूर्वीच आत्महत्या केली. १९६२ मध्ये सुरुंग लावून ते उडवले गेले. आज त्या चौथऱ्यावर एक भलामोठा लंबक हलत असतो. वाटाड्या तेथून शहराचे विहंगम दृश्य दाखवतो. पायाखालच्या चौथऱ्याविषयी विचारल्याखेरीज बोलत नाही.

थोड्या दिवसांच्या दर्शनातून काय निपजू शकते, याचा दाखला भारतीय साहित्यातच आहे. हिंदी लेखक निर्मल वर्मा १९५९ मध्ये प्रागला गेले, चेक शिकले आणि कारेल चापेकसारख्या लेखकांची थेट चेकमधून हिंदीत भाषांतरे केली. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 'वे दिन' ही कादंबरी प्रागमध्येच घडते. त्यातील भारतीय विद्यार्थी एका परदेशी पर्यटक स्त्रीचा थोड्या दिवसांपुरता दुभाष्या होतो. तिला तो शहर दाखवतो आणि दाखवता दाखवता युद्धाने माणसांच्या आत काय मोडले आहे, ते त्याला दिसू लागते. कादंबरीतला काळ आपल्या सहलीएवढाच आहे. फरक आहे तो भाषेशी जोडलेल्या नात्याचा. चेकचे चार शब्द कळले तरी शहर बदलते. 'रोबो' हा शब्द आपण रोज वापरतो. तो चापेकच्या १९२० च्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला आणि त्याला तो त्याच्या भावाने, योसेफने, सुचवला. मुळात 'रोबोटा' म्हणजे वेठ. यंत्रमानव हा मूळचा वेठबिगार आहे हे कळल्यावर जुन्या सरदारांचे प्रासाद केवळ शोभेचे वाटत नाहीत.

तेव्हा प्रवासवर्णनाच्या अध्यापनात आपण काही बदल करावा, असे आम्ही सुचवतो. वर्णनशैली, विनोद, निसर्गचित्रण या ठरीव मथळ्यांखाली नोट्स देण्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे: या लेखकाने त्या शहरातील कोणाची भाषा ऐकली? कोणते पाडलेले स्मारक, कोणते बदललेले नाव त्याच्या नजरेस पडले? वाटाड्याने सांगितलेली कथा त्याने तपासली की तशीच उतरवली? या प्रश्नांपुढे आपली गाजलेली पुस्तके कितपत टिकतात, ते पाहणे उद्बोधक ठरेल. काही टिकतील, गोडसे भटजी तर नक्कीच टिकतील, कारण १८५७ च्या धामधुमीत अडकलेल्या त्या माणसाला स्थळे पाहण्याची सवडच नव्हती. त्याने माणसे पाहिली.

यासाठी प्रागला जाण्याची गरज नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका चौकावर दोन पाने लिहावीत: त्याचे आधीचे नाव काय होते, ते कोणी व केव्हा बदलले, पूर्वी तेथे कोण राहत होते. अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण त्यासाठी ठेवता येतील. असा एक चौक ज्याने वाचला आहे, तो उद्या युरोपात चार दिवसांसाठी गेला, तरी रिकाम्या हाताने परतणार नाही.