देवघरातील विडा आणि नातवाची वडी

मार्गशीर्षाची थंडी जयंती नदीच्या काठी उतरू लागली, की आमच्या अंबाजोगाईच्या वाटा पाहुण्यांनी गजबजून जातात. श्रीयोगेश्वरीचा हा महोत्सव पौर्णिमेपर्यंत चालतो. त्या निमित्ताने कोकणातली, पुण्यामुंबईची आणि आता सातासमुद्रापलीकडचीही कुटुंबे आपल्या कुलस्वामिनीच्या दर्शनाला येतात. ओटी भरावी, कुंकुमार्चन करावे, पुरणावरणाचा नैवेद्य दाखवावा आणि शेवटी विडा अर्पण करावा, हा क्रम पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी असेच परदेशस्थ आप्त उतरले होते. त्यांच्यासमवेत नऊदहा वर्षांचा नातू होता. पूजा आटोपत आली असता त्याने पिशवीतून चकचकीत कागदातली एक वडी काढली आणि तो म्हणाला, ‘‘आजोबा, मी हे देवीसाठी आणलंय. काळं चॉकलेट आहे, आत पुदिना आहे. ठेवू?’’ मंडळी हसली. आम्हीही हसून म्हणालो, ‘‘अरे बाळा, असलं काही देवाला चालत नसतं.’’ मुलाने काही न बोलता वडी पुन्हा पिशवीत ठेवली. जेवणे झाल्यावर मात्र तीच वडी घेऊन तो आमच्याकडे आला. ‘‘मग तुम्ही तरी घ्या.’’

आम्ही एक तुकडा जिभेवर ठेवला. आधी कडसर, तुरट चव आली. मग हळूहळू गोडी उतरली. आणि अखेरीस साऱ्या मुखात शीतलता पसरली. समोर तबकात विडा होता. कात तुरट, लवंग तिखट, वेलदोडा सुगंधी आणि भीमसेनी कापूर थंड. त्रयोदशगुणी विडा जे कार्य करतो, तेच कार्य या परक्या वडीने आपल्या परीने केले होते. मग आम्ही त्या लेकराला नाही म्हटले, ते कोणत्या आधारावर?

वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण आज पुष्कळ घरांत तो उभा राहत असल्याने त्याचा थोडा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला आक्षेप असा, की हा पदार्थ परका आहे. तो परका खराच. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. परंतु आपल्या उपवासाचे ताट एकवार न्याहाळून पाहावे. बटाटा, शेंगदाणे, रताळे, मिरची, ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, इतकेच काय पण राजगिरासुद्धा, ही सारी त्याच खंडातून आलेली मंडळी आहेत. आपल्या पूर्वजांनी त्यांची पारख केली, सात्त्विक म्हणून त्यांना पंक्तीत बसविले, आणि आज एकादशीच्या फराळाला त्यांच्यावाचून चालत नाही. मेक्सिकोतील प्राचीन ॲझटेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवीत आणि कोको देवकार्यात वापरीत. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली कोकोच्या झाडाला ‘थिओब्रोमा’ हे नाव दिले. त्याचा अर्थच ‘देवांचे अन्न’ असा होतो. एका शेजाऱ्याला आपण देवघरात घेतले आणि दुसऱ्याला उंबऱ्यावर थोपविले, एवढाच काय तो भेद.

शिवाय तो आता पुरता परकाही राहिलेला नाही. केरळ, आंध्र, कर्नाटक व तामिळनाडूत कोकोची लागवड होते. दक्षिण कन्नडच्या बागांत तो सुपारीच्या झाडांच्या सावलीत वाढतो. तेथील सुपारी व कोको उत्पादकांची ‘कॅम्प्को’ ही सहकारी संस्था 1973 साली स्थापन झाली आणि 1986 साली पुत्तूर येथे तिने चॉकलेटचा कारखाना उभारला. म्हणजे विड्यातली सुपारी आणि वडीतला कोको एकाच बागेतून येऊ शकतात! पुदिन्याच्या अर्काचे तर विचारूच नये. ज्या मेंथॉलमुळे ही शीतलता येते, त्याच्या उत्पादनात आपला देश जगात अग्रेसर असून उत्तर प्रदेशातील बाराबंकीकडची शेते त्यासाठी प्रसिद्ध आहेत.

ही शीतलता मोठी नवलाची आहे. वडी काही बर्फासारखी थंड नसते. आपल्या त्वचेत व जिभेत थंडी ओळखणारी जी सूक्ष्म द्वारे आहेत, त्यांतले एक मेंथॉल आपल्या स्पर्शाने उघडते आणि मेंदूला गारव्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मेंथॉलच्याच साहाय्याने हे द्वार हुडकले. उष्णता व स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकोचे लोणी साधारण 34 अंशांच्या आसपास विरघळते, म्हणून ही वडी हातात घट्ट राहते आणि मुखात पाघळते. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो तेव्हा तिची दशा पाहवत नाही. मार्गशीर्ष मात्र तिला मानवतो.

आणखी एक योगायोग पाहावा. इंग्लंडातील राउंट्री कंपनीने 1962 साली पुदिन्याचे सारण भरलेल्या काळ्या चॉकलेटच्या पातळ वड्या काढल्या आणि त्यांना ‘आफ्टर एट’, म्हणजे आठनंतर, असे नाव दिले. रात्रीचे भोजन आटोपल्यावर खावयाचा हा जिन्नस. सुग्रास अन्नानंतर तोंड कडू, सुगंधी आणि थंड करून भोजनाची समाप्ती करावी, ही ओढ तिकडेही होती. आपण तिला मुखशुद्धी म्हणतो. माहूरच्या रेणुकामातेचा तांबूल प्रसाद म्हणून घरोघर पोहोचतो, त्याची थोरवी काही या वडीला येणार नाही. पण नाते ओळखायला हरकत कोणती?

दुसरा आक्षेप मात्र आम्ही मानतो, आणि तो लोभाचा आहे. विडा माणूस एकच खातो. वडीचे पाकीट एकट्याने संपविण्याचा मोह होतो. काळे चॉकलेट म्हणजे औषध, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे, की आतले पुदिन्याचे सारण मुख्यत्वे साखरच असते. मधुमेही वडीलधाऱ्यांनी तर विशेष जपावे. विकत घेताना वेष्टनावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका पाहावा, घटकांची यादी वाचावी. काही सारणांत अंड्याचा बलक नसला तरी पांढरा भाग असतो, तर काहींत मद्याचा अंश. उपवासाच्या दिवशी ती खावी असे आम्ही सांगणार नाही. उपवास हा जिभेला आवरण्यासाठी असतो, नवे पदार्थ शोधण्यासाठी नव्हे. साबुदाण्याच्या वड्यांनाही हाच न्याय लावावा.

मंदिरात काय अर्पावे, ते मंदिराच्या प्रथेने ठरावे. तेथे आम्ही ढवळाढवळ करू इच्छित नाही. घरच्या देवघराची गोष्ट वेगळी आहे. तेथे नैवेद्य म्हणजे आपल्याला जे गोड लागते, ते आधी देवापुढे ठेवून मग सर्वांनी वाटून घेणे. त्या मुलाला पुरणपोळीची ओळख नव्हती आणि स्तोत्रही येत नव्हते. त्याच्यापाशी जे सर्वांत प्रिय होते, ते त्याने स्वतः न खाता हजारो मैल जपून आणले होते. पूजेतला अर्पणभाव याहून निराळा काय असतो? आम्ही वडी नाकारली असे आम्हांस वाटले. पण मुलाने काय ऐकले असेल? हे घर, हा देव्हारा आपला नव्हे, असेच ना? कुळाचा धागा अशा एका शब्दानेही तुटू शकतो, आणि तो पुन्हा जोडायला कोणतेही कुंकुमार्चन पुरत नाही.

यंदा ते लेकरू पुन्हा येणार आहे. पुरणाचा नैवेद्य होईल, विडा ठेवला जाईल, आणि त्या विड्याशेजारी, हिरवा ठिपका पाहून, त्याची वडीही आम्ही त्याच्याच हातून ठेववून घेऊ. जेवणानंतर तिचे जितकी माणसे तितके तुकडे होतील. आपल्या वाट्याचा इवलासा तुकडा चावू नये, जिभेवर विरघळू द्यावा. आधीचा कडवटपणा सोसला, की मागून येणारा गारवा अधिक गोड लागतो. गेल्या वर्षी आम्ही उच्चारलेल्या त्या शब्दाच्या बाबतीतही आई योगेश्वरी तसेच घडवो.