भुतालाही नियम हवा



सुटीत रोहिणखेडला घरी गेलो की रात्री ओट्यावर दोन भुते हमखास भेटतात. एक आजीच्या गोष्टीतले, दुसरे धाकट्या भावाच्या मोबाइलमधले. यंदा भावाचा खेळ पाहून शेजारचे काका म्हणाले, "हातात बंदूक असून साधे लाकडी दार फोडता येत नाही? हे खरे कसे मानायचे?"

आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. भयखेळांचा गाजलेला जुना नमुना म्हणजे कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९६ सालचा 'रेसिडेंट ईव्हिल'. त्यात एका खोलीतल्या पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून निघते! वास्तवाच्या कसोटीवर हा शुद्ध खुळेपणा. पण त्याच खेळात ख्रिस या नायकाजवळ सहाच वस्तू मावतात. काडतुसे घ्यावीत, औषध घ्यावे की किल्ली, या पेचातच अंगावर काटा येतो. दार लाथेने मोडता आले असते, तर किल्लीला किंमत उरली नसती आणि भीतीलाही.

आजीच्या गोष्टींत तरी वेगळे काय आहे? विक्रमाने उत्तर ठाऊक असून मौन धरले तर डोक्याची शकले. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. 'प्रेत कसे बोलेल?' असे आपण कधी विचारले नाही. मात्र विक्रम बोलल्यावरही वेताळ त्याच्या खांद्यावरच बसून राहिला असता, तर आपण आजीला तिथेच अडवले असते.

म्हणून माझे मत असे, की भयकथेने आणि भयखेळाने वास्तवाशी नव्हे, स्वतःच्या नियमाशी इमान राखावे. वास्तव हवे ते माणसाच्या वागण्यात. त्याच्या लोभात, घाबरण्यात, चुकण्यात.

परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. खेळातला नियम भुताला आणि खेळणाऱ्याला, दोघांनाही बांधतो. खेळाबाहेरचा मांत्रिक गुण आला नाही की नियमच बदलतो. कोंबडे झाले, आता बकरे आण म्हणतो. तिथे काकांचाच प्रश्न विचारायला हवा. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो याच उंबरठ्यावर उभा आहे. ओट्यावरच्या भुताला नियम पुरतो. दारात आलेल्या मांत्रिकाकडे मात्र पुरावाच मागावा.