सुटलेल्याची पाठराखण

बोईसरला सोसायटीच्या मीटिंगमध्ये, चित्रालयाजवळच्या टपरीवर, कारखान्याच्या कँटीनमध्ये विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं येतं. "आमच्या पोरांना कामं नाहीत, आणि तुम्ही जेलमधून सुटलेल्यांची काळजी करताय!" त्यामागचा राग खरा आहे. तारापूर एमआयडीसीच्या कुंपणाला लागून ज्यांची घरं आहेत, त्यांची नातवंडं आज ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून बारा-बारा तास उभी राहतात. तो राग मी मान्य करतो. पण 'आमची पोरं' आणि 'जेलमधून सुटलेले' हे दोन वेगळे गट आहेत, असं या वाक्यात धरून चाललंय. पालघर जिल्ह्यात ते वेगळे नाहीत.

इथून आत कोण जातं ते पाहा. लग्नाच्या हळदीत भांडण झालं आणि चार जणांची नावं फिर्यादीत आली. दमणच्या दारूचे खोके टेम्पोत होते, मालक पळाला, ड्रायव्हर सापडला. पाड्यावरचं जोडपं पळून जाऊन एकत्र राहायला लागलं, मुलगी सतराची निघाली, पोरावर पोक्सो लागला. खून, बलात्कार, दरोडे करणारेही आत आहेत, हे मी लपवत नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ची आकडेवारी सांगते की देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. म्हणजे चारातले तीन कच्चे कैदी. त्यांच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही, कित्येकांवर कधीच होणार नाही. तरी बाहेर आल्यावर त्या सगळ्यांना गावात एकच नाव मिळतं.

आता सुटलेल्यांना मदत नको म्हणणाऱ्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, कोर्टानं सोडलं ना? मग पुढचं त्याचं तो बघेल. मोठा माणूस आहे, हात-पाय धड आहेत, त्याला बोट धरून चालवायची काय गरज?

या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर 'सोडलं' म्हणजे काय होतं ते जवळून पाहावं लागतं. निवृत्तीनंतर दोन-तीन कुटुंबांसोबत मी कोर्टाच्या तारखांना गेलो, त्यातून जे कळलं ते सांगतो. जामीन मंजूर होणं आणि माणूस बाहेर येणं यात मोठी दरी आहे. जामीनदार लागतो. त्याचा सातबारा नाहीतर पगारपत्रक लागतं, तहसीलचा सॉल्व्हन्सी दाखला लागतो, रेशनकार्ड लागतं. मोखाड्याच्या पाड्यावरच्या कातकरी घरात यातलं काय असतं? ज्याच्या नावावर जमीन आहे तो दुसऱ्यासाठी ती अडकवायला तयार नसतो. आदेश निघालेला असतो आणि माणूस आतच असतो. १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाचा जामीन दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत निकाल दिला. पंचेचाळीस वर्षांनी, ३१ जानेवारी २०२३ला त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जामीन मिळून सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावं, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे उशिराचं एक कारण आहे.

समजा जामीनदार मिळाला. आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ बंदी ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहात, त्या जुन्या किल्ल्यात असतात. मंजूर क्षमता १,१०५, आतली माणसं त्याहून कितीतरी जास्त. कागद पोचून, तपासून, सही होईपर्यंत संध्याकाळ होते. माणूस दारातून बाहेर येतो तो हातात एक पिशवी घेऊन. पिशवीत दोन कपडे, कोर्टाच्या कागदांची घडी, आत जाताना जमा केलेला मोबाइल असलाच तर बंद पडलेला. दादरला गाडी बदलायची, विरारपुढची डहाणू लोकल गाठायची. पालघरला उतरेपर्यंत जव्हारकडची शेवटची एसटी गेलेली असते. तो स्टँडवरच आडवा होतो. रात्री गस्तीचा हवालदार विचारतो, कुठून आलास? खरं सांगावं तर पुन्हा चौकशी, खोटं सांगावं तर खोटं पकडलं जाण्याची भीती. सुटकेची पहिलीच रात्र अशी जाते.

मग पहिला महिना. जामिनाच्या अटीत दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी असते. ठेकेदार सोमवारी सुट्टी देत नाही. दोन हजेऱ्या चुकल्या की सरकारी वकील जामीन रद्द करायला अर्ज करतात. दिवाळीनंतर घरदार वीटभट्टीवर जातं, वसई-भिवंडीकडे. कोर्टाचं समन्स पाड्यावर येतं तेव्हा झोपडीला कुडाचं दार लावलेलं असतं. शेजारी सांगतो, "भट्टीवर गेले." कोणती भट्टी, कुठली, शेजाऱ्याला ठाऊक नसतं. तारीख चुकते, नॉन-बेलेबल वॉरंट निघतं, आणि पोटासाठी विटा थापणारा माणूस कागदावर फरार होतो. पावसाच्या तोंडावर घरी परततो तेव्हा त्याला उचलतात. मग तोच टपरीवरचा माणूस म्हणतो, बघा, सुधारतात का कधी? त्याच्या हातून नवा गुन्हा झालेला नसतो, फक्त एक तारीख चुकलेली असते. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणारं आणि भट्टीवर फोन करणारं कुणी नव्हतं.

म्हणून 'त्याचं तो बघेल' हे मला पटत नाही. लग्नाच्या मुलीला आपण सासरी एकटी पाठवत नाही. हुशार असो, शिकलेली असो, पहिल्या खेपेला पाठराखीण बरोबर जातेच. मुलगी दुबळी म्हणून ती जात नाही. नवं घर आहे, कुणाशी काय बोलायचं, पाणी कुठे, वडीलधारे कोण, हे कळेपर्यंत आपलं एक माणूस जवळ असावं म्हणून जाते. दोन वर्षांनी तुरुंगातून परतणाऱ्याला स्वतःचंच घर तसं परकं झालेलं असतं. बायको माहेरी गेलेली, मुलाची शाळा सुटलेली, रेशनकार्डातून नाव गेलेलं. समाजकार्यात याला केस मॅनेजमेंट म्हणतात. मी त्याला पाठराखण म्हणतो. एका सुटलेल्या माणसामागे एक नेमलेला माणूस. सुटकेच्या आधी दोन-तीन महिने तो आत जाऊन भेटलेला असावा, घर पाहून आलेला असावा, तारखा, दाखले, काम, दवाखाना, दारू सोडण्याचे उपचार हे सगळं एका फाइलीत ठेवणारा असावा, आणि ती फाइल त्याच्याच नावावर असावी. जबाबदारी दहा कार्यालयांत विभागली की ती कुणाचीच राहत नाही.

इथे दुसरी बाजू म्हणते, योजना आहेतच की! खरंच आहेत. २०२३च्या गरीब कैद्यांसाठीच्या केंद्रीय योजनेत जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते आणि त्यासाठी जिल्हास्तरावर समिती आहे. राज्याच्या महिला व बालविकास विभागाकडे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी आहेत. मुक्तबंद्यांना धंद्यासाठी अर्थसाहाय्य आहे, बंद्यांच्या मुलांना बालसंगोपन योजनेचा आधार मिळू शकतो. १९५८च्या परिविक्षा कायद्याचं कलम १२ तर म्हणतं की ज्याला त्या कायद्याखाली सोडलं, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये. पण बराकीतल्या माणसाला यातलं काय माहीत असतं? एकाचा अर्ज कोळगावच्या जिल्हा मुख्यालयात, दुसऱ्याचा तहसीलला, तिसऱ्याचा कारागृहात. या खिडक्यांमधलं अंतर चालून जाणारा पगारी, प्रशिक्षित माणूस नसेल, तर योजना शासन निर्णयाच्या कागदावरच राहतात.

हे काम जमतं का, असं विचारणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९०पासून पोलीस ठाणी, न्यायालयं आणि तुरुंग यांत हेच काम करतो आहे. त्यांचे कार्यकर्ते आतल्या माणसाला भेटतात, घरच्यांना शोधतात, वकील गाठून देतात, आणि सुटलेल्यांना सुरुवातीचे काही महिने सामाजिक संस्थांमध्ये मानधनावर काम शिकायला ठेवतात. या शेवटच्या कल्पनेचं मला फार मोल वाटतं. थेट कारखान्याच्या गेटवर उभं करण्याऐवजी आधी वेळेवर उठायची, हजेरीची, पगाराची सवय लावायची.

गेटचा विषय आला म्हणून माझी स्वतःची गोष्ट सांगणं भाग आहे. मी सत्तावीस वर्षं तारापूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसमध्ये होतो. गेट पासचे अर्ज माझ्या टेबलावरून जायचे. विक्रमगडकडचा एक पोरगा ठेकेदारानं आणला होता. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये त्याच्या नावापुढे गुन्ह्याची नोंद आली. तो म्हणाला, "साहेब, केस सुटली माझी, निकाल आहे." खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. मी तो उघडूनही पाहिला नाही. यादीतल्या त्याच्या नावावर लाल रेघ मारली आणि "पुढचा" म्हटलं. दोन महिन्यांनी तो मला त्याच ठेकेदाराच्या माणसांत दुसऱ्या कंपनीच्या बसमधून उतरताना दिसला. भावाच्या आधारकार्डावर पास काढला होता. त्याला काही झालं असतं तर ईएसआयचं कार्ड भावाचं, भरपाई भावाच्या नावाची. मी त्याला कामापासून रोखू शकलो नाही. त्याचं नाव आणि त्याच्या अंगावरचं संरक्षण तेवढं काढून घेतलं.

त्यामुळे "केमिकलच्या प्लांटमध्ये असली माणसं कशी ठेवायची?" हा प्रश्न मला ऐकूनच नव्हे, स्वतःच्या तोंडूनही ठाऊक आहे. मी जवळून पाहिलेल्या अपघातांत रिअॅक्टरचं चढलेलं तापमान होतं, तुंबलेला व्हॉल्व्ह होता, शिकवल्याविना उभा केलेला हेल्पर होता. तरीही काळजी चुकीची नाही. स्टोअरमधल्या चोरीची केस असलेल्याला पहिल्या दिवशी स्टोअरची किल्ली देऊ नये. बायकांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा भोगून आलेल्याला महिला कामगारांच्या रात्रपाळीवर देखरेख देऊ नये. पण हे ठरवायचं तर माणूस माहीत हवा. आज गेटवर एक तर सरसकट बंदी आहे, नाहीतर भावाच्या नावाचं अंधारातलं काम. पाठराखण करणारा जामीन राहत नाही, तो माणसाची खरी माहिती देतो आणि अडचण आली तर फोन उचलतो. कारखान्याच्या दृष्टीनंही हे अधिक सुरक्षित आहे.

आणि पीडितांचं काय? हा आक्षेप मला सर्वांत जवळचा आहे, कारण तो दुःखातून येतो. ज्याचा मुलगा मारला गेला त्याच्यासमोर मी आरोपीच्या पुनर्वसनाचं भाषण करणार नाही. पीडिताला भरपाई, संरक्षण, त्याच्या बाजूनं उभं राहणारा माणूस मिळालाच पाहिजे, आणि तोही आज पुरेसा मिळत नाही. पण सुटलेल्याचा हात सोडून दिल्यानं पीडिताच्या पदरात काय पडतं? त्याच गावात, त्याच वाटेनं, बेकार आणि चिडलेला माणूस परत येतो. तो कुठे राहील, समोरच्या घराशी कसा वागेल, हे आधी ठरवणारं कुणी असेल तर त्या घरालाही रात्री झोप लागेल.

काही मित्र उलट टोकाचं बोलतात. माणुसकी दाखवा, विश्वास टाका, माणूस बदलतो. ते 'दो आँखें बारह हाथ'चं उदाहरण देतात. व्ही. शांताराम यांचा १९५७चा तो चित्रपट, गदिमांची कथा, सगळ्यांना आठवतो. पण त्यामागचं खरं स्वतंत्रपूर केवळ विश्वासावर उभं राहिलं नाही. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ साली मॉरिस फ्रीडमन आणि अप्पासाहेब पंत यांच्या पुढाकारानं ती वसाहत झाली. तिथे कैद्याला कसायला जमीन होती, बायको-मुलं बरोबर राहत होती, नियम होते. नुसत्या विश्वासाची किंमत जपानलाही कळली. तिथे १९५०च्या कायद्यापासून शेजारपाजारचे चाळीस हजारांहून अधिक नागरिक विनावेतन सुटलेल्यांना भेटतात, त्यांना होगोशी म्हणतात. २०२४ साली ओत्सू शहरात अशा एका होगोशीचा खून झाला, आणि पकडला गेलेला त्याच्याच देखरेखीखालचा होता. म्हणून मी स्वयंसेवकांवर हे काम सोडा असं म्हणत नाही. प्रशिक्षण हवं, भेटीला सार्वजनिक जागा हवी, पगार हवा, एका माणसाकडे झेपतील इतक्याच फाइली हव्यात.

पालघर १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा झाला. कार्यालयं आली, इमारती झाल्या. मी मागतो ते त्यापुढे फार थोडं आहे. आठ तालुक्यांसाठी आठ पाठराखे, त्यातले काही वारली-कातकरी घरांतले, भट्ट्यांची ठिकाणं आणि बोली जाणणारे. ठाण्याच्या कारागृहात आठवड्यातून दोन दिवस त्यांचं टेबल. एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशी, एका रात्रीच्या मुक्कामाची एक खोली. तारापूरच्या उद्योजकांनी सुरुवातीला दहा गेट उघडावेत, निकालाचा कागद हातात आला की तो उलगडून वाचावा. बोईसरमध्ये या कामासाठी टेबल लागलं, तर त्यावर बसायला मी तयार आहे. सत्तावीस वर्षं मी याद्या तपासल्या आहेत, आणि कोणता कागद कोणत्या खिडकीवर अडतो ते मला पाठ आहे.