आडात आहे, मग पोहऱ्यात का येत नाही?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाविषयी आमच्या शेतकरी बंधूंत दोन तऱ्हेची माणसे आढळतात. एक म्हणतो, ती साहेबलोकांची जागा, आपले तेथे काय काम? दुसरा कांद्याचे बी विक्रीस निघाल्याचे कळताच पहाटे भाकर बांधून रांगेत जाऊन उभा राहतो. आमच्या मते दुसरा शहाणा खरा. पण त्यानेही बी घेऊन मुकाट्याने घरी परतू नये. चार प्रश्न विचारून यावे. ती जागा त्याचीच आहे.

त्याची कशी, ते सांगतो. 1883 साली जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात कर्जाची व नागवणुकीची हकिकत आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पावसाचे पाणी शिवारातच अडवावे, जनावरांची निपज सुधारावी आणि शेतकऱ्याच्या पोरांस शेतकीची विद्या द्यावी, या मागण्याही त्याच पुस्तकात आहेत. त्या काळी पुण्याच्या कॉलेजात शेतकीचे वर्ग चालू होतेच. 1907 मध्ये तेथे स्वतंत्र शेतकी कॉलेजही निघाले. पण त्या विद्येचा वारा नांगर धरणाऱ्याच्या अंगास फारसा लागला नाही.

पुढे 1968 मध्ये साऱ्या राज्यासाठी एक कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधीच ते अकोल्यास व्हावे म्हणून वऱ्हाडातील लोक उठले होते. 1967 मध्ये तेथे गोळीबार होऊन माणसे मेली. शेतकीच्या शाळेसाठी जीव देणारी रयत अडाणी, असे कोणी म्हणू धजेल काय? 1969 साली अकोल्यास वेगळे विद्यापीठ मिळाले, 1972 मध्ये परभणी व दापोलीस मिळाले, आणि राहुरीकडे खानदेश, नाशिक, नगर (आता अहिल्यानगर) पासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख राहिला. आज त्यात दहा जिल्हे मोडतात.

विद्यापीठाने काय केले? पुष्कळ केले, आणि ते आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 चे, सोलापूरचे कोरडवाहू केंद्र 1933 चे. म्हणजे ही केंद्रे विद्यापीठाहून वडील. पण वडिलार्जित शेत पडीक टाकणारे थोडे असतात काय? येथे ते कसले गेले. पाडेगावहून 2007 साली आलेला ‘फुले 265’ ऊस खारवट जमिनीतही तग धरतो. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांखाली पाणी पाजून पाजून ज्यांची रानं चोपण झाली, त्यांस याची किंमत निराळी सांगावयास नको. हरभऱ्याचे ‘विजय’ व ‘दिग्विजय’, डाळिंबाचा ‘फुले भगवा’, गीर, जर्सी व होल्स्टीन अशा तीन रक्तांची ‘फुले त्रिवेणी’ गाय, ही सारी येथलीच. ‘कृषिदर्शनी’ नावाचे मराठी पुस्तकही दरसाल निघते. ज्याच्या घरी वाचणारे एक जरी पोर असेल, त्याने ते घ्यावे.

तर मग आमची तक्रार कोणती? आडात पाणी आहे, पण पोहरा वर येईपर्यंत अर्धे सांडते. शिक्षकांच्या व संशोधकांच्या जागा रिकाम्या राहतात, ही ओरड वर्षानुवर्षे चालू आहे. एक वाण सिद्ध व्हावयास आठ-दहा वर्षे लागतात. मधेच करणारा निवृत्त झाला व त्याच्या जागी कोणी आलेच नाही, तर ते काम कोणी पुढे न्यावे? नवी इमारत फोटोत दिसते, रिकामी खुर्ची दिसत नाही, म्हणून सरकारही निश्चिंत असते.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. शेतकीची पदवी घेऊन पुष्कळ मुले स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासास बसतात. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. कांद्याच्या भावाने बापाची झालेली दशा पाहिलेल्या मुलाने कायम पगार शोधला, तर दोष मुलाचा नव्हे, भावाचा आहे.

तिसरी गोष्ट बोलावयास जड जाते. विद्यापीठासाठी राहुरीकडील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी दिल्या. त्यांची मुले-नातवंडे अजून नोकरीच्या हक्कासाठी अर्ज करतात, उपोषणास बसतात. जोतीरावांचे नाव कमानीवर आणि जमीन देणाऱ्याचा वारस कमानीबाहेर, हे आम्हांस शोभत नाही.

जाता जाता आमच्या लोहार-सुतार बंधूंचाही प्रश्न मांडतो. विद्यापीठात अवजारांचे संशोधन चालते. अभियांत्रिकीचे कॉलेज आहे, त्यास आपल्याच जिल्ह्याचे अण्णासाहेब शिंदे यांचे नाव आहे. तेथे सुधारलेल्या कोळप्याचा किंवा पाभरीचा नकाशा, मापे व लोखंडाचा दर्जा साध्या मराठीत छापून गावच्या भात्यापर्यंत का पोचवू नये? बिघडलेले अवजार अखेर त्याच्याकडेच येते. येत्या शिवारफेरीस जाल, तेव्हा गावच्या लोहारास सोबत न्या, आणि हा नकाशा त्यालाच मागू द्या.